चौकी जेवली

नागपूरला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या कऱ्हाडकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "संत्री आणली का?" आणली. करंडी भरून आणली, वाटेत काही नासली, उरलेली गल्लीत वाटली. दुसरा प्रश्न, "तिकडचं मटण लई जहाल असतंय म्हणं?" तेही खाल्लं, आणि अर्धी जिंदगी पलटणीत काढलेला मी रुमालानं नाक पुसत बसलो. पण "कशाला गेला होता?" असं कुणी विचारलं की मी पावसापाण्याचं काढतो. ज्यांनी नागपूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी लिहायला बसलो आहे खरा, पण शहर या लिखाणात थोडकंच सापडेल, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या कंपनीत कवडू लांजेवार नावाचा लांगरी होता. पलटणीत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात आणि तिथल्या स्वयंपाक्याला लांगरी. मी त्याच कंपनीतून सुभेदार होऊन घरी आलो, तोही माझ्या मागोमाग सुटून नागपूरला त्याच्या मुलखात गेला. दिवाळी उलटल्यावर त्याच्या बायकोचं, अनुसयावहिनींचं, कार्ड आलं. शेजारच्या कुणाकडून लिहून घेतलं होतं. हे जेवत नाहीत, कोणाचं ऐकत नाहीत, तुमचा हुकूम मानतील, तरी यावे. एवढंच. माझ्या बायकोनं कार्ड वाचून म्हटलं, "घरात तुमचा हुकूम कोणी मानत नाही, तिथं तरी मानतात का बघून या." मी हसत हसत बॅग भरली.

प्रतापनगर

स्टेशनावर सायकलरिक्षा केली. रेल्वेच्या फाटकापाशी तिची चेन तुटली आणि चढ लागला. मी उतरून मागून रेटू लागलो, तर रिक्षावाला ओशाळला. "साहेब, बसा ना तुमी. लोकं मले काय म्हनतीन?" मी म्हटलं, "लोकं तुला नाही, मला म्हणतील. ओढ." धरमपेठेत पोचेतो दोघांनाही घाम फुटला. तिथं त्यानंच मला पोहे खायला घातले. इकडे पोह्यांवर झणझणीत रस्सा ओततात. आमच्याकडे असं कुणी केलं तर बाईला माहेरी धाडतील. पण थंडीच्या सकाळी ते पोहे इतके चांगले लागले की मी दुसरी प्लेट मागितली.

प्रतापनगर म्हणजे तेव्हा नुसते प्लॉट. काळी चिकण माती, विटांचे ढीग, बाभळी, मधूनच एखादं नवंकोरं घर. कवडूचं घर दोन खोल्यांचं, कवेलूचं, म्हणजे आपल्याकडचं कौलारू. बाजूच्या मोकळ्या जागेत जमिनीत लांबट चर खणून चूल केली होती. अशी चूल घराला कुणी करत नाही. पलटण मुक्कामाला उतरली की तशी चूल खणतात. ती पाहून मला बरं वाटलं, आणि चुलीमागून माणूस उठला तेव्हा ते बरं वाटणं तिथंच संपलं.

कंपनीतला कवडू दारातून आडवा होऊन जायचा. समोर उभ्या माणसाच्या गळ्याची हाडं मोजता आली असती. सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबत होता. त्यानं पळी डाव्या हातात घेतली आणि उजव्यानं कडक सलाम ठोकला.

"राम राम, साहेब. नफरी वाढली म्हनायची एकानं."

नफरी म्हणजे हजर माणसांची संख्या. लांगऱ्याचं सगळं आयुष्य या एका आकड्यावर चालतं. मी म्हटलं, "वाढली. काय केलंयस?" तो खुलला. मला त्यानं वांग्याची भाजी आणि गरम भाकरी वाढली, वर तेल-तिखट. समोर उकिडवा बसून मी कसा खातो ते पाहत राहिला. "तू?" म्हटलं, तर म्हणाला, "लांगरी आखरीले जेवते, साहेब. तुमाले का माईत नाई?"

तो पाणी आणायला गेला तशा वहिनी दाराच्या चौकटीला टेकून हळू बोलू लागल्या. बारीक, सावळी बाई, आवाजात कुठं रडू नाही.

"रोज सांजच्याले हे अकरा जनाईचं रांधते. अकरा ताटं मांडते. मंग रस्त्याकडे पाहत उभं राह्यते. कोनी येत नाई. सकाळी थे सारं समोरच्या बांधकामावरच्या मजुराईले देऊन टाकते, आन् सोता मूठभर फुटाने खाते उभ्याउभ्या. मी म्हनलं, काहून हो असं करता? तं म्हनते, रिपोर्ट नाई आला अजून."

अकरा म्हटल्यावर मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

चीनच्या लढाईत आमची एक चौकी डोंगराच्या पुढच्या सोंडेवर होती, तीन नंबरची, नफरी अकरा. आम्ही खाली घळीत. त्या सकाळी कवडूनं त्यांच्यासाठी खिचडी आणि बटाट्याची भाजी करून ठेवली होती. वरून दोघं जण डबे न्यायला येणार होते, ते आलेच नाहीत. दुपारी माघारीचा हुकूम आला. कवडू देगच्यांवर कांबळी घालून बसला होता, त्याला ओढून न्यावं लागलं. पुढे कंपनी नव्यानं उभी राहिली, माणसं नवी आली, आणि सगळ्यांना वाटलं लांगरीही सावरला. कारण पलटणीत रोज रात्रीच्या जेवणानंतर ड्यूटीवरचा हवालदार लंगरात येऊन सांगतो, सब खा चुके. ते ऐकल्यावर लांगरी ताट घेतो. कवडूला तो रिपोर्ट रोज मिळत होता, आणि तो रोज जेवत होता. पेन्शनीत आल्यावर त्याला असं सांगणारं कुणी उरलं नाही. आम्हां सगळ्यांचंच कमीजास्त असं होतं. सकाळी उठावं, दाढी करावी, बूट चमकवावेत, आणि मग कुणाला दाखवायचे ते कळू नये. पण आमची भूक शाबूत राहिली. त्याचं मन मागं मागं जाऊन त्या एका न आलेल्या रिपोर्टापाशी थांबलं.

संध्याकाळी मी डोळ्यांनी पाहिलं. अकरा ताटं ओळीत, वाट्या एका रेषेत. तो पळी घेऊन उभा, नजर रस्त्यावर. रस्त्यानं सायकली जात होत्या, एक बाई शेळ्या घेऊन गेली. अंधारल्यावर त्यानं देगच्यांवर कांबळं टाकलं आणि त्यांच्या शेजारीच आडवा झाला. मी म्हटलं, "कवडू, जेव." तो अदबीनं म्हणाला, "साहेब, तुमी त खाली होते. चौकीचा रिपोर्ट चौकीवालाच देईन ना?"

नियमानं त्याचंच बरोबर होतं. आणि मला वाटलं, चला, म्हणजे नियमानंच सोडवता येईल.

कन्हान

तीन नंबरच्या चौकीतला एकच माणूस परत आला होता, हवालदार मारोती ढोबळे. कैदेतून सुटला तेव्हा एका पायाची बोटं बर्फानं गेलेली होती. तो कन्हानला एका कोळशाच्या खाणीवर फाटकाची नोकरी करत असल्याचं वहिनींनी सांगितलं. सकाळच्या बसनं निघालो. कन्हान नदीचं पात्र मोठं रुंद, पाणी बेताचं, वाळूत टरबुजाच्या वाड्या घालायची तयारी चाललेली. आमच्या कृष्णेला इतकी मोकळी जागा मिळाली असती तर तिनं काय थाट केला असता, असं मनात आलं. पुलापलीकडे सगळं काळं. झाडांची पानं काळी, कुत्री काळी, चहावाल्याची कपबशीसुद्धा काळसर.

मारोती फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत बसला होता. मला पाहून उठला, पण सलाम केला नाही, गळ्यात पडला. मग माझ्या पांढऱ्या शर्टावर उमटलेले हात पाहून हसला. "घ्या, तुमीबी आता इथलेच झाले."

तेवढ्यात एक मोटार आली. खिडकीतून पोरसवदा कारकुनानं "ए चौकीदार!" अशी हाक मारली. मारोती लंगडत गेला, दांडा उचलला, मोटार जाईपर्यंत सरळ उभा राहिला. परत येऊन म्हणाला, "मीडियम मशीनगन चालवली या हातानं. आता कुत्र्याले हाड् हाड् करतो. बरं हाये. कुत्रे ऐकते तरी."

मी येण्याचं कारण सांगितलं. तो विडी काढून चोळू लागला.

"मी जात होतो ना त्याच्याकडे, साहेब. मले वाढे. मी खाऊ लागलो का विचारे, बाकीचे कुठं हाये गा, मारोती? काय सांगू मी? मंग जानंच सोडलं."

"आता एकदाच चल. त्याला रिपोर्ट दे. चौकी जेवली म्हणून सांग."

"खोटं सांगू?"

"माणूस मरतोय तिकडे."

"साहेब, आदल्या दिवसापासून पोटात काई नव्हतं कोनाच्या. थो शिवराम, लहानसा, मले म्हने, हवालदारसाब, खिचडीचा वास येऊन राह्यला खालून. वासच आला त्याले फक्त." मारोतीनं हातातली विडी चुरगाळून टाकली. "थे उपाशी गेले. माया समोर गेले. आन् मी सांगू का जेवले म्हनून?"

मी काय करायला हवं होतं? हात धरून बसायला हवं होतं, कदाचित उठून परतायला हवं होतं. पण मी सुभेदार. माझ्या हाताशी एकच हत्यार होतं, मी ते काढलं. म्हटलं, "ढोबळे, हा माझा हुकूम आहे." दोघंही पेन्शनर, एक फाटकावरचा आणि एक कऱ्हाडचा रिकामटेकडा, कसला हुकूम आणि कुणाला. पण तो उठून उभा राहिला. खुंटीवरची जुनी टोपी काढून त्यानं तिच्यावरची काजळी फुंकली आणि म्हणाला, "चला."

पुन्हा प्रतापनगर

पोचलो तेव्हा ताटं मांडून झाली होती. कवडू पळी घेऊन उभा. मी चुलीच्या एका अंगाला उभा राहिलो. मारोती रस्त्यावरून, जणू वरच्या सोंडेवरून उतरत असावा तसा, लंगडत पण पावलं टाकत आला. टाचा जुळवून त्यानं मला सलाम केला.

"श्रीमान, चौकी नंबर तीन. नफरी ग्यारह. सब जवान खा चुके."

कवडू हलला नाही. रस्त्यावरून मारोतीकडे, मारोतीकडून ताटांकडे त्याची नजर गेली. वहिनी दारात तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. मग कवडूनं अगदी साधेपणानं विचारलं,

"भाजीत मीठ बराबर होतं का गा?"

मारोती तसाच ताठ उभा राहून म्हणाला, "बराबर होतं."

"शिवरामले कमी लागते. थो जेवला?"

"जेवला. दोनदा घेतलं त्यानं."

"खिचडी गरम होती?"

"गरम होती, कवडू. वाफ निघत होती."

मी वेळ न घालवता हुकूम दिला. "लंगर बंद. लांगरी खाना खाएगा." कवडूनं सलाम केला, हात धुतले आणि मांडी घालून बसला. वहिनींनी वाढलं. पहिला घास त्यानं नुसता हातात धरून ठेवला, मग खाल्ला, मग जो सुटला तो दोन माणसांचं जेवला. वहिनी वाढत होत्या आणि रडत होत्या, टिपं भातात पडली तरी त्यांना भान नव्हतं. मला वाटलं, लढाईत नाही पण आज मी माझा एक माणूस परत आणला.

मारोती मात्र जेवायला बसला नाही. बस चुकेल म्हणाला आणि गेला. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सीताबर्डी

त्यानंतरचा दिवस मी चैनीत घालवला. सीताबर्डीवर हिंडलो. इकडचा दुकानदार मराठीत सुरुवात करतो, मध्येच हिंदीत जातो आणि शेवटी "काहून घेत नाई बे?" म्हणून मैत्री करतो. तो "बे" ऐकून आमच्याकडे हाणामारी झाली असती. संत्र्यांची करंडी घेतली, बर्फी घेतली. दुपारी ते प्रसिद्ध सावजी मटण खाल्लं. रस्सा काळा, वर तेलाचा तवंग, आणि वाढणारा म्हणतो कसा, "पाहुने, पानी पेऊ नोका, अजून लागते." नाक गळत होतं, डोळे गळत होते, आणि मी सुखात होतो. कऱ्हाडला गेल्यावर बायकोला काय सांगायचं, त्याची वाक्यं जुळवत मी परत आलो.

कवडूनं सगळे देगचे राखेनं घासून, उन्हात ओळीनं पालथे घातले होते. लंगर बंद झाला की पलटणीत तसंच करतात. चूल मातीनं बुजवली होती. त्यानं दाढी केली होती. ओसरीच्या कडेला वळकटी बांधून, तिच्या शेजारी तो पाठ ताठ ठेवून बसला होता.

"काय रे, निघालास कुठं?"

"घरी, साहेब. लंगर बंद झाला ना. गाडी कितीची हाये?"

मला आधी चेष्टा वाटली. "अरे, हेच की तुझं घर."

तो माझ्याकडे पाहून हसला. आपल्यापेक्षा वरचा माणूस काहीतरी चुकीचं बोलला तर आपण हसतो, तसं. वहिनी आतून ताट घेऊन आल्या. त्यानं उठून ते दोन्ही हातांनी घेतलं, सगळं खाल्लं, ताट धुऊन परत दिलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्या घरी लय दिवस राह्यलो मी. तरास झाला असन तुमाले."

वहिनी ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

निघताना

रात्र सरली की मन ताळ्यावर येईल, असं मी वहिनींना सांगितलं. स्वतःलाही सांगितलं. सकाळी तो वळकटीशेजारीच होता. दिलं ते खात होता, सांगितलं की झोपत होता. मी त्याला गावाची आठवण दिली, लग्नाची आठवण दिली. शेतकऱ्याचं पोर होता, कोणत्या बैलावर त्याचा जीव होता ते पलटणीत आम्हां सगळ्यांना तोंडपाठ होतं. ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "हाव, साहेब." कुणा दुसऱ्याची गोष्ट ऐकावी तसं. आता कळतं, रोज अकरा ताटं मांडणं हेच त्याचं इथं असणं होतं. तेवढ्यासाठी तो या घरात, या गावात, या बाईजवळ थांबला होता. मी ते काम पुरं झाल्याचं त्याला सांगितलं. काम पुरं झालेला शिपाई थांबतो कशाला?

वहिनी चुलीच्या बुजवलेल्या चराशी बसल्या होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊजी, पयले उपाशी होते, पन माये होते. राती पांघरुन टाकायले गेली का म्हनत, अनुसया, तू झोप, मी पाह्यतो. आता पोटभर जेवते. आन् मले बाई म्हनते."

मी कवडूसमोर जाऊन उभा राहिलो, टाचा जुळवल्या, आणि जितका आवाज उरला होता तितका लावून म्हटलं, "लांजेवार! लंगर चालू करो."

तो तटकन उठला. डोळ्यांत जरा ओळख चमकली. मला वाटलं, जमलं.

"नफरी, साहेब?"

काय सांगणार होतो? अकरा म्हणावं तर ते अकरा मीच जेवू घालून मोकळे केले होते. मी वहिनींकडे पाहिलं. म्हटलं, "दोन. तू आणि ही."

डोळ्यांतलं ते विझलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "दोघाचा लंगर नसते, साहेब," आणि खाली बसला.

रिक्षा आली. मी करंडी ठेवायला गेलो, तर त्याच्याआधी कवडूनं आपली वळकटी आत ठेवली आणि चढून बसलासुद्धा, मला जागा सोडून, गुडघे जवळ घेऊन. त्याच्या तोंडावर मी तीन दिवसांत पहिल्यांदा एवढी खुशी पाहिली. रिक्षावाल्यानं माझ्याकडे पाहिलं, वहिनींनी पाहिलं. मला माझ्या घरी बायको होती, गाडी धरायची होती, आणि खरं सांगायचं तर मला तिथून पळायचं होतं. मी म्हटलं, "लांजेवार, उतर." तो उतरला. का म्हणून विचारलं नाही. माझा हुकूम तो नेहमीच मानत आला होता.

वहिनी पुढे आल्या आणि त्यांनी वळकटी उचलली. त्यानं लगबगीनं हात पुढे केला. "राहू द्या, बाई. जड हाये."

त्यांनी दिली नाही. पोटाशी धरून त्या घरात गेल्या. रिक्षा वळली तेव्हा मी मागे पाहिलं. कवडू त्यांच्या मागोमाग ओसरीवर चढला होता आणि दाराबाहेर थांबून, आत वाकून विचारत होता, "येऊ का आत?"